डिनीला रांग लागते

“एक गोष्ट लक्षात ठेव, पोरी,” ब्रीदा म्हणाली होती, “हा कुत्रा जन्मात कधी एकटा चाललेला नाही. रांगेतच चाललाय.”

“हो हो, शिकेल की,” असं म्हणून मी यादीतला पुढचा प्रश्न विचारला. यादीत सत्तावीस प्रश्न होते. जिना चढतो का, काचेच्या दारावर आपटेल का, कांदा खाल्ला तर किती वेळात डॉक्टरकडे न्यायचं, तीन वर्षांच्या मुलीनं त्याच्या शेपटीवर पाय दिला तर काय करेल. ब्रीदा गेली वीस वर्षं निवृत्त ग्रेहाउंडांचा, म्हणजे शर्यतीच्या कुत्र्यांचा, आश्रम चालवते. तिनं सत्तावीसच्या सत्तावीस उत्तरं दिली आणि मी ती लिहून घेतली. न विचारता सांगितलेली ती एक गोष्ट तेवढी लिहायची राहिली.

डिनी चार वर्षांचा. अंगावर वाघाचे असावेत तसे पुसट पट्टे, कानात हिरव्या शाईनं गोंदलेली अक्षरं. ब्याऐंशी शर्यती धावला, दोन जिंकला, आणि त्या दोन्ही वेळा पुढचे सगळे वळणावर एकमेकांत गुंतून पडले होते. शर्यत तीस सेकंदांची. पण त्याआधी सहाही कुत्र्यांना, पांढऱ्या कोटातल्या माणसांच्या हाती, एकामागोमाग एक लोकांसमोरून संथपणे फिरवतात. डिनीला पळण्यापेक्षा हे मिरवणंच झकास जमायचं, असंही ब्रीदा म्हणाली. तेव्हा मी अठराव्या प्रश्नावर होते.

घरात तो पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा वागला. माझ्या मुलीच्या, नेसाच्या पलंगाशेजारी चारही पाय वर करून आणि डोळे सताड उघडे ठेवून तो झोपायचा. जिवंत आहे ना, म्हणून मी दोनदा त्याच्या नाकासमोर आरसा धरून पाहिला. मागच्या हिवाळ्यात घशाला सूज येऊन नेसाचा श्वास अडकला होता. पाच दिवस हॉस्पिटलात काढले. तेव्हापासून मी रात्रीतून चार-चार वेळा उठून तिच्या नाकाखाली बोट धरत असे. डिनी आला, आणि नेसा खोकली की माझ्याआधी तोच उठायला लागला. तिचं तोंड हुंगायचा, सगळं ठीक आहे असं ठरवायचा आणि पुन्हा पाय वर करून पडायचा. चौथ्या दिवशी सकाळी माझा नवरा कोलम म्हणाला, “एथ्ना, तू घोरत होतीस.” हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. वर्षभरात मी पहिल्यांदाच सलग सहा तास झोपले होते.

म्हणून डिनी मला हवाच होता. पण ब्रीदाची अट होती. “चार आठवड्यांनी सोमवारी येईन. आपण नदीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. चालला, तर तुझा. नाही चालला, तर दोन कुत्री असलेलं एक घर त्याची वाट बघतंय. तिकडं नेईन.”

आणि डिनी चालत नव्हता.

म्हणजे घरात चालायचा, अंगणात चालायचा. फाटकाबाहेर वीस पावलं टाकली की थांबायचा. बसायचा नाही, ओढायचा नाही, भुंकायचा तर मुळीच नाही. नुसता उभा राहायचा, दूरवर कुठंतरी नजर लावून. पाचव्या दिवशी तो आमच्या बॅलीक्रोन गावच्या भर बाजारात, घराजवळच्याच औषधाच्या दुकानासमोर उभा राहिला. बाबागाडीत नेसा, माझ्या मनगटाला पट्टा. पंधरा मिनिटं झाली, चाळीस झाली.

“काय गं, पुतळा बसवतेस का?” समोरून खाटीक टायग ओरडला. “उद्घाटन कधी?”

“हलत नाहीये रे.”

“सॉसेज दाखव.” त्यानं स्वतःच आणून दाखवलं. डिनीनं वास घेतला, सॉसेज खाल्लं आणि पुन्हा दूर बघायला लागला. टायगनं दुसरं दाखवलं. तेही गेलं. “पोट भरेल, पण पाय काही उचलणार नाही हा,” टायग म्हणाला आणि तिसरं वाचवून परत गेला.

तेवढ्यात चर्चच्या बाजूनं अंत्ययात्रा आली. पुढं काळी गाडी, मागं घरची माणसं, त्यांच्यामागं गाव, सगळे चार-चारच्या रांगेत, अगदी संथ. मयताच्या मानासाठी टायगनं दुकानाची झडप अर्धी खाली ओढली. औषधवाल्यानं दिवा मालवला. मी मान खाली घातली. डिनीनं मात्र वर केली.

कान उभे राहिले, मान ताठ झाली, पाठ सरळ झाली. गाडी पुढं सरकली आणि डिनीनं पाय उचलला. बत्तीस किलोचा कुत्रा एका हाताला आणि बाबागाडी दुसऱ्या हाताला, मी काय करणार? तो मला घेऊन थेट दुसऱ्या रांगेत शिरला. मयताच्या बहिणी आणि भाचे यांच्या मधोमध. आणि तिथून दफनभूमीपर्यंत असा देखणा चालला, की मागून कुणीतरी म्हणालं, “कुत्रा त्यांचाच होता वाटतं. बघा कसा जातोय बिचारा.”

गेले होते ते जेर हॅनरहन नावाचे गृहस्थ. मी त्यांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं माझा हात दोन्ही हातांत धरला. “आलीस, बरं वाटलं गं. जेर तुझ्याबद्दल बोलायचा.” यावर काय बोलायचं असतं? मी म्हणाले, “फार चांगला स्वभाव होता.” ती रडली. मग मीही रडले, कारण तिचे हात फार थंड होते. मग सगळ्यांबरोबर हॉटेलात चहा आणि हॅमचे सँडविच झाले. परतीची गर्दी आमच्याच रस्त्यानं निघाली, तसा डिनी घरी पोचला.

“म्हणजे चालला तर!” कोलम खूश होऊन म्हणाला.

“मयतामागं चालला.”

“चालला ना पण?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुतळा. कोलम पुढं चालून दाखवू लागला, मग मागून चालू लागला. मग टोपी काढून, तोंड पाडून चालला. डिनीनं त्याच्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. दोन माणसांची रांग होत नाही, हे त्याचं मत अगदी पक्कं होतं. शेजारचा टेरियर कुत्रा जोडीला घेऊन बघितला. टेरियर कोलमला चावला.

मार्ग दाखवला तो समोरच्या घरातल्या मॉसी आजोबांनी. मॉसींचं वय अठ्ठ्याऐंशी. रोज सकाळी नऊला रेडिओवर निधनवार्ता लागतात. त्या ऐकताना ते कोरा कागद आणि पेन घेऊन बसतात. ते कुंपणाशी आले.

“उद्या अकराला एक आहे. म्हातारी डेलेनी. पायी नेणारेत. नदीच्या रस्त्यानं, लांबचा पल्ला.”

“मॉसी, अहो, असं कसं जायचं? मी ओळखत नव्हते त्यांना.”

“ती पण तुला कुठं ओळखत होती? फिट्टंफाट. शुक्रवारी दोन आहेत. एक साडेनऊला, म्हणजे दोन्ही जमतील तुला.”

मी नको नको म्हणत गेले. फेब्रुवारीचा महिना, बोचरा वारा, गावात म्हातारी माणसं पुष्कळ. अडीच आठवड्यांत मी नऊ अंत्ययात्रांना चालले. डिनीचे पाय भरदार झाले, कातडी चमकायला लागली. मला सगळ्या प्रार्थना पाठ झाल्या. नेसा घरी बाहुल्या उशीखाली पुरायला लागली आणि अस्वलाला सँडविच वाटायला लागली. “आई, आज कोण मेलं?” असं ती सकाळी दुधाचा कप हातात घेऊन इतक्या आनंदानं विचारायची की मी हातातला घास खाली ठेवायची. हिच्या मनावर याचा काय परिणाम होईल, यावर मी दोन पुस्तकं मागवली.

आता, आमच्या गावात नात्यागोत्याचं नसताना प्रत्येक मयताला हजर राहणारी माणसं दोनच प्रकारची. एक पाद्री. दुसरा, निवडणुकीला उभा राहणारा. कौन्सिलची निवडणूक जूनमध्ये होती, आणि हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

सहाव्या अंत्ययात्रेला एका बाईनं मला बाजूला घेतलं. “माझ्या दारासमोर खड्डा आहे बघ. केवढा! मागच्या वेळेला सगळे आले, सगळ्यांनी पाहिला. खड्डा आहे तिथंच.”

“बघते हं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण तो खड्डा माझ्या डोक्यातून जाईना. त्यात बाबागाडीचं चाक गेलं तर? नेसा तोंडावर पडली तर? दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलच्या कचेरीत सात वेळा फोन केला. गुरुवारी खड्डा बुजला. त्या शुक्रवारच्या अंत्ययात्रेत माझ्यामागं लोक कुजबुजत होते, आणि दफनभूमीच्या फाटकात माझ्या हातात तीन चिठ्ठ्या पडल्या. दिव्याचा खांब, तुंबलेलं गटार, आणि कुणाच्या तरी जावयाला नोकरी.

सँडविचपाशी मला डिक्लन टोबिन यांनी गाठलं. टोबिन आमचे नगरसेवक, सलग तीन वेळा निवडून आलेले. मयताला ते नेहमी तिसऱ्या रांगेत चालतात. घरच्यांना दिसेल इतकं जवळ, आगाऊ वाटणार नाही इतकं मागं. पंधरा वर्षांत ती जागा कुणी घेतली नव्हती. आणि डिनी मला दर वेळी दुसऱ्या रांगेत नेत होता.

“कुठल्या पक्षाकडून?” त्यांनी गालातल्या गालात हसत विचारलं.

“पक्ष कसला? मी कुत्र्यासाठी येते हो.”

“म्हणजे अपक्ष.”

“अहो, त्याला चालवायला म्हणून येते!”

टोबिन यांनी डिनीकडं बराच वेळ पाहिलं. “मुक्या प्राण्यावर दया करणारी आई. बाबागाडीसकट. हुशार आहेस.”

पुढच्या अंत्ययात्रेला टोबिन एक पांढरा पूडल कुत्रा घेऊन आले. मेव्हणीचा होता, मागून आणलेला. तो सबंध वेळ शवगाडीवर भुंकत राहिला. “दुःखात आहे,” टोबिन लोकांना सांगत होते.

आणि मग गावात कुणी मरेना.

ऊन पडलं, वारा थांबला. एक दिवस गेला, चार गेले, सहा गेले. रेडिओवर दुसऱ्याच गावांची नावं. ब्रीदाचा सोमवार जवळ येत चालला आणि सगळं बॅलीक्रोन ठणठणीत झालं. सांगायला लाज वाटते, पण दवाखान्यासमोरून जाताना माझी पावलं रेंगाळायला लागली. खुर्चीत कोण बसलंय, कसं बसलंय, ते मी काचेतून बघायची. टपाल कचेरीत एक आजोबा दोनदा शिंकले, तर मी त्यांना पुढं जाऊ दिलं आणि पाठमोरी चाल न्याहाळली. चांगली होती.

रविवारी मॉसी कुंपणापलीकडं खोकले.

“बरंय ना, मॉसी?” मी धावतच गेले.

“बरंय.” त्यांनी डोळे बारीक केले. “का? उद्याला हवाय का कुणी?”

मी कानांपर्यंत लाल झाले. घरात येऊन रडले. मग कोंबडीचं सूप केलं आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. पडद्याआडून आवाज आला, “यात काय घातलंयस?”

मग मी त्यांच्या पायरीवर बसूनच सगळं सांगितलं. सूज, हॉस्पिटल, नाकाखालचं बोट, सहा तासांची झोप. डिनी गेला तर मी पुन्हा त्या अंधारात खुर्ची टाकून बसणार, आणि मला ते आता झेपणार नाही. मॉसींनी दार किंचित उघडून सूप आत ओढून घेतलं आणि दार लावलं.

सोमवारी दहाला ब्रीदा आली. हातात फॉर्म, पायात चिखलाचे बूट. आम्ही फाटकाबाहेर निघालो. वीस पावलं झाली आणि डिनी उभा राहिला.

“थोडा वेळ देऊ,” ब्रीदा म्हणाली. सात मिनिटं गेली. तिनं पेनाचं टोपण काढलं. “वाईट वाटून घेऊ नकोस गं. तुझं काही चुकलं नाही. याला सोबत हवी.”

“अजून पाच मिनिटं. प्लीज.”

“डिनी जाणारे?” बाबागाडीतून नेसानं विचारलं. तिचा ओठ थरथरायला लागला होता, आणि रडली की तिला खोकला लागतो.

समोरचं दार उघडलं. मॉसी बाहेर आले. अंगात मयताला घालायचा काळा कोट, पायात चकचकीत बूट, हातात टोपी. ते सावकाश रस्ता ओलांडून आले आणि आमच्यापुढं सहा फुटांवर, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. टोपी छातीशी धरली. पहिलं पाऊल टाकलं.

डिनीचा एक कान उठला. पण एकच.

कोपऱ्यावर टायग दुकानाची पायरी धूत होता. मॉसी, तेही काळ्या कोटात, मागं मी मान खाली घालून. त्यानं फडकं टाकलं, झडप अर्धी ओढली, एप्रन काढला आणि येऊन मागं उभा राहिला. “कोण?” त्यानं हळूच विचारलं. मॉसींनी नुसती मान हलवली. टायगनं पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडं असं विचारलं, तर सकाळचा रेडिओ ऐकला नाही असं दिसतं, आणि त्यापेक्षा मोठी नाचक्की नाही. औषधवाला आला. हॅनरहनबाई आल्या. खड्ड्याची बाई आली. कुणीच विचारलं नाही. जो तो शेजारच्याला माहीत असेल असं धरून, चेहरा पाडून रांगेत शिरत होता. डिनीचा दुसरा कान उठला, मान ताठ झाली, पाठ सरळ झाली, आणि तो चालला. काय चालला म्हणून सांगू!

“एवढं गाव येतं तुझ्याबरोबर?” ब्रीदा भांबावून म्हणाली. ती गॉलवेची, इथल्या रीती तिला कुठल्या माहीत.

“येतं,” मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

बाजाराच्या टोकाला टोबिन धापा टाकत, पूडल काखेत घेऊन धावत आले आणि तिसऱ्या रांगेत शिरले. नदी आली. इथून परत फिरायचं होतं, पण तीस-बत्तीस माणसांची अंत्ययात्रा कुठं परत फिरते? ती सरळ दफनभूमीपर्यंत गेली. फाटकाला कुलूप होतं. आत खड्डा नाही, पाद्री नाही, आणि एवढ्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं, की पुढं गाडीही नव्हती.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा टोबिन यांच्याकडं गेल्या. अशा वेळी दोन शब्द बोलणं हे नगरसेवकाचं काम. टोबिन यांनी पूडल खाली ठेवला, घसा साफ केला.

“असं माणूस पुन्हा होणे नाही,” ते म्हणाले. “साधं राहणं, स्पष्ट बोलणं, आणि शेवटपर्यंत गावाची काळजी. मी त्यांना भेटायला गेलो की म्हणायचे... म्हणजे, त्या म्हणायच्या... म्हणजे, त्या घरात नेहमी म्हणत असत...”

“मॉसी!” हॅनरहनबाई एकदम किंचाळल्या. “तुम्ही इथं? मला वाटलं तुम्हीच!”

“मलाही वाटलं,” औषधवाला म्हणाला.

“मग गेलं कोण?”

“कुणी नाही,” मॉसी टोपी घालत म्हणाले. “या पोरीच्या कुत्र्याला चालायचं होतं.”

मला वाटलं, आता आम्हाला गाव सोडावं लागणार. मग टायगनं घसा खाकरला. “ठीक आहे. पण सँडविच आहेत ना?”

बत्तीस माणसं आमच्या स्वयंपाकघरात बसली, जिन्यावर बसली, अंगणात उभी राहिली. कोलमनं टायगचं दुकान उघडायला लावून सगळा हॅम उचलून आणला. टोबिन यांनी चहा वाटला, कारण मतं ती मतं. ब्रीदानं फ्रिजवर फॉर्म टेकवून लिहिलं, ‘चालतो. लोकांत रमतो.’ आणि खाली सही केली. डिनी नेसाच्या पलंगाशेजारी चारही पाय वर करून पडला होता. पाहुण्यांपैकी तिघांनी, तो गेला, असं येऊन मला सांगितलं.

आता तो आमचाच आहे. मी निवडणुकीला उभी नाही, हे मी दुकानांच्या काचांवर चिठ्ठ्या चिकटवून सांगितलंय. लोक ते वाचतात आणि म्हणतात, किती नम्र आहे. सकाळी साडेदहाला पाच-सहाजण येतात आणि आम्हाला नदीपर्यंत रांगेत नेऊन आणतात. खड्ड्याच्या बाईनं पाळ्या लावून दिल्यात. मी रात्री झोपते.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. त्या सोमवारच्या गारठ्यात मॉसी नुसत्या कोटावर आले होते, आत लोकरीचं काही घातलं नव्हतं. बुधवारपासून पाळीला आलेले नाहीत. आज शनिवार. सकाळी नऊला त्यांच्या खिडकीतून रेडिओचा आवाज आला, पण फारच बारीक. मी केव्हाच गेले असते. पण आता गावात मी कुणाच्या दारात दिसले, की शेजारी टोप्या काढतात आणि पडदे ओढतात. परवा सूप घेऊन पायरी चढले तर मॉसी आतून ओरडले, “अजून नाही! जा!” आणि नंतर बराच वेळ खोकत राहिले. तो खोकला मला आवडला नाही. खरंच सांगते, त्यात माझा काही स्वार्थ नाही.

तेव्हा तुम्ही बॅलीक्रोनवरून जाणार असाल, तर तेवढं डोकावून याल का? बाजार संपला की डावीकडचं हिरवं दार. जोरात वाजवा, ऐकू कमी येतं. छातीत घरघर आहे का बघा, काही गरम खाल्लंय का विचारा, शेकोटीत कोळसा आहे का तेही बघा. आणि मी पाठवलंय, हे मात्र कृपा करून सांगू नका.